घरी बनवलेल्या वजनकाट्याचं रीडिंग स्थिर राहत नाही, सप्लाय कोणता घेऊ?

नवा_सोल्डरवाला
मंडळी, ५०० ग्रॅमचा लोडसेल (वजनाचं बारीक व्होल्टेज करणारा सेन्सर), एचएक्स७११ चं बोर्ड (ते व्होल्टेज वाढवून आकड्यात बदलणारं) आणि एक मायक्रोकंट्रोलर असा काटा बनवलाय. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवायचा विचार होता पण पॅन रिकामं असतानासुद्धा आकडा जागेवर बसत नाही, ०.०० वरून ०.०७ मग उणे ०.०४ असं चालूच. आणि गंमत म्हणजे खालच्या अॅल्युमिनियमच्या बेसला, पॅनला नाही हां, नुसतं बोट टेकवलं की ०.३ ची उडी मारतो. सप्लाय म्हणून मोबाईलचा जुना चार्जर आहे, मल्टिमीटरवर ५.०८ व्होल्ट, अगदी ठाम. आता लिनियर (ट्रान्सफॉर्मरवाला) घेऊ, भारी एसएमपीएस (चार्जरसारखा स्विचिंग सप्लाय) घेऊ का सरळ बॅटरी? जास्त अँपिअरचा घेतला तर जास्त स्थिर मिळेल का?

ओहमचा_नियम
अँपिअरचा काही संबंध नाही भाऊ. लोडसेलचा ब्रिज (आतल्या रेझिस्टरांची जोडणी) साधारण १००० ओहमचा धरला तर ५ व्होल्टला ५ मिलिअँप खातो, २ अँपचा चार्जर लावून काय करणार. आणि मीटरवर ५.०८ ठाम दिसतं कारण मीटर सरासरी दाखवतो, चार्जरमधलं स्विचिंग किलोहर्ट्झमध्ये चालतं, ते त्याला दिसतच नाही.

आधी हिशोब बघ. तुझा सेल १ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा असेल तर ५ व्होल्टवर पूर्ण ५०० ग्रॅमला मिळतात फक्त ५ मिलिव्होल्ट. म्हणजे १ ग्रॅमला १० मायक्रोव्होल्ट आणि तुझ्या ०.०१ ला ०.१ मायक्रोव्होल्ट! एचएक्स७११ चा स्वतःचाच नॉइज डेटाशीटप्रमाणे गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) १२८ आणि सेकंदाला १० सॅम्पल या सेटिंगला ५० नॅनोव्होल्ट आरएमएस आहे, म्हणजे सप्लाय अगदी शुद्ध दिला तरी शेवटचा आकडा थोडा नाचणारच, त्याला सरासरी घेऊनच गप्प करावं लागतं. ८० सॅम्पलवर ठेवलं असशील तर १० वर आण, नॉइज कमी होतो आणि मेन्सचा ५०-६० हर्ट्झचा हमही त्याच सेटिंगला कापला जातो.

वायरींचा_गुंता
वरचं सगळं बरोबर पण बोट लावल्यावर उडी मारतो हे वेगळं प्रकरण आहे. चार्जर दोन पिनचा आहे ना? त्यात इनपुट आणि आउटपुटच्या मधे एक छोटा वाय कपॅसिटर असतो, स्विचिंगचा कचरा आवरायला, पण अर्थिंग नसल्यामुळे आउटपुटची बाजू अधांतरी राहते आणि जमिनीच्या मानाने मेन्सच्या जवळपास निम्मी एसी तिच्यावर तरंगते. करंट नगण्य असतो, पण तू बोट लावलंस की तो तुझ्यातून वाट काढतो आणि लोडसेलच्या वायरी ते उचलतात. अर्थ पिनवाला सप्लाय ज्याचा आउटपुट निगेटिव्ह अर्थला जोडलेला असतो तो घे, किंवा बॅटरी.

विकत काही घेण्याआधी तीन अल्कलाईन पेन्सिल सेल लावून बघ, ४.५ व्होल्ट होतात, चालतात. लॅपटॉपची यूएसबी केबल मात्र काढून ठेव, नाहीतर तोच घोळ मागच्या दाराने परत येतो. आणि पॉवर बँक म्हणजे बॅटरी नव्हे, आतमधे बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं स्विचिंग सर्किट) असतो, शिवाय इतका कमी करंट बघून बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद पडतात.

जुना_ट्रान्सफॉर्मर
मी लिनियरवालाच. पण एक सांगतो, व्होल्टेज ५.०० का ५.०८ यात पैसे घालू नका. या बोर्डात ब्रिजला जे व्होल्टेज जातं तेच एडीसीचं (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचं) रेफरन्स, म्हणजे मोजायची पट्टी, असतं, त्यामुळे सप्लाय हळूहळू सरकला तर दोन्ही एकदम सरकतात आणि वजनात फरक पडत नाही. त्रास देतो तो झपाट्याने हलणारा नॉइज. ७८०५ (५ व्होल्टचा लिनियर रेग्युलेटर) वापरणार असाल तर त्याला इनपुट किमान ७ व्होल्ट लागतं, १२ दिलं तर बाकीचं उष्णतेत जातं, आणि तो गरम तुकडा लोडसेलच्या शेजारी बसवला की झीरो सरकत राहतो (हा उद्योग मी केलेला आहे, दोन दिवस प्रोग्राममधे चूक शोधत बसलो होतो). ट्रान्सफॉर्मरपण डब्याबाहेरच ठेवा.

नवा_सोल्डरवाला
तीन सेल लावले. बोटाचा प्रकार साफ गेला!! पण आता दर दोन-तीन सेकंदांनी ०.०५ चा झटका येतोय, अगदी ठराविक तालात.

वायरींचा_गुंता
ठराविक ताल म्हणजे काहीतरी चालू-बंद होतंय. वायफाय आहे का? डेटा पाठवताना काहीशे मिलिअँप ओढतो तो. कंट्रोलर वेगळ्या रेग्युलेटरवर घे, लोडसेलच्या बोर्डाला स्वतःचा छोटा एलडीओ (थोड्याच जास्त इनपुटवर चालणारा लिनियर रेग्युलेटर) दे, आणि दोघांच्या ग्राउंड वायरी बॅटरीपाशीच एकत्र कर, अधेमधे नको.

नवा_सोल्डरवाला
वायफायच होतं! बंद केल्यावर झटका गेला, आता वेगळा एलडीओ टाकून वायफाय परत चालू केलंय तरी ०.०१-०.०२ च्या आतच खेळतोय. सुरू केल्यावर पहिली वीस मिनिटं झीरो सरकतो तेवढं राहिलंय, तोवर टेअर (आकडा शून्यावर आणायचं बटण) मारत नाही. चार्जर परत मोबाईलला दिला.