विमानतळावर जीव थाऱ्यावर कसा ठेवता? गावाकडल्यांनो, अनुभव सांगा

धागा सुरू करणारा, दारव्हा

मागच्या महिन्यात आईला घेऊन बंगळुरूला जाऊन आलो, बहिणीचं बाळंतपण होतं. आईचं वय ६४, आजवर लांबचा प्रवास म्हणजे शेगाव अन् पंढरपूर, तोही लालपरीनं. विमान सकाळी साडेसहाचं, म्हणून आम्ही रात्री ११ वाजताच गावातून गाडी काढली. रस्ताभर ती ठीक होती, गाडीत झोपलीसुद्धा, पण सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरलो अन् ते काचेचं दार, आतला पांढराफक्क उजेड, दारावरचा बंदूकवाला जवान पाहिला तसे तिचे हातपाय गार पडले. जवानानं आधार कार्ड मागितलं तर ते पदराच्या गाठीत, अन् गाठ काही सुटेना, मागं रांग वाढून राहिली. जवान बिचारा शांतपणे म्हणे, "आराम से माताजी." तरी तिची बोटं थरथरून राहिली होती.

आत गेल्यावर खुर्चीच्या अगदी टोकावर बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. पाणी नको, चहा नको. मी तिला समजावून राहिलो की विमान पडत नसते, लोक रोज जातात, काही होत नाही. आता वाटते मी उगाच भलतंच बोलत होतो, कारण नंतर तिनं सांगतलं, "मले विमानाचं भेव नोतं रे. मले वाटे मी काही चुकीन अन् तुले सगळ्याइसमोर कोणी बोलन."

तेवढ्यात फरशी पुसणारी एक बाई जवळ आली. आईच्या लुगड्याकडं पाहून म्हणे, "कुठल्या जी मावशी तुमी?" आई म्हणे दारव्ह्याच्या. ती निघाली बुटीबोरीकडली, तिची नणंद दिग्रसला दिलेली. मग काय, कापसाचा भाव, नणंदेची पोरं, यंदाचा पाऊस, दहा मिनिटं दोघी बोलत होत्या. त्या बाईनं आईला संडास दाखवला, नळाखाली हात धरला की पाणी आपोआप येते ते दाखवलं, सामान तपासायचा पट्टा कुठं आहे ते दुरून दाखवलं. परत आली तेव्हा आईनं पिशवी खाली ठेवली अन् मला म्हणे, "भाकर काढ, भूक लागली."

तेव्हापासून डोक्यात आहे की आपल्या भागातल्या लोकांनी एकमेकांना हे सांगायला पाहिजे. जे सल्ले ऐकायला भेटतात ते लाउंजमध्ये बसा, हेडफोन लावा असे असतात, आपल्या मायबापाला त्यातलं काय कामाचं? ज्याचा जसा अनुभव असेल तसा लिहा, लांबला तरी चालते.

वरुडचा संत्रेवाला

माझं पहिलं विमान चुकलं होतं, तिथून शिकलो. वरुड ते नागपूर शंभरेक किलोमीटर, मी दोन तास धरले अन् वाटेत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं अडकलो. पोचलो तेव्हा विमान सुटायला ५० मिनिटं होती, मला वाटलं लय वेळ आहे, पण देशातल्या विमानाचं बॅगा घ्यायचं काउंटर ६० मिनिटं आधीच बंद होते हे कुठं माहीत होतं. विमान काचेतून दिसून राहिलं अन् मी बाहेर. त्या दिवशी जी छाती धडधडली ती घरी येईपर्यंत बसली नाही.

आता मी चिठ्ठी लिहितो, उलटी. सगळ्यात खाली विमानाची वेळ, त्याच्यावर गेट बंद व्हायची वेळ म्हणजे साधारण २५ मिनिटं आधीची, त्याच्यावर काउंटरची, त्याच्यावर विमानतळाच्या दारात पोचायची म्हणजे दोन तास आधीची, अन् सगळ्यात वर घरातून निघायची, तिच्यात एक पंक्चरचा वेळ जोडून. चिठ्ठी खिशात असली की माणूस दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत नाही. अन् पहाटेच्या विमानाला नागपूर मेट्रोच्या भरवशावर राहू नका, तेवढ्या लवकर ती चालू नसते, अन् एअरपोर्ट स्टेशनला उतरलं तरी टर्मिनलपर्यंत पुन्हा ऑटो पाहावा लागते.

आरोग्य सेविका, धानोरा (गडचिरोली)

दारव्ह्याच्या भाऊ, तुमच्या आईंचे हातपाय गार पडले ते मनाचे खेळ नव्हते. भीती वाटली की शरीर पळायची तयारी करते, रक्त मोठ्या स्नायूंकडे जाते म्हणून हात गार होतात, घाम येतो, पोटात कालवते, वारंवार लघवीला लागते. अशा वेळी "घाबरू नको" म्हटल्यानं ते थांबत नाही, कारण ते कोणाच्या म्हणण्यानं सुरूच झालेलं नसते.

श्वास मात्र आपल्या हातात आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात अन् सोडताना थोडे मंदावतात, म्हणून सोडायचा श्वास लांब करायचा. मी उपकेंद्रात बायांना सांगते, चुलीवरचं दूध उतू येते तेव्हा आपण कशी हळू लांब फुंकर घालतो तशी फुंकर घाला. चार मोजत आत, सहा किंवा आठ मोजत फुंकर. दोन-तीन मिनिटं. मी स्वतः माझ्या पहिल्या विमानात हेच केलं, रांगेत उभ्या-उभ्या, कोणाला कळलंही नाही.

अजून दोन गोष्टी. रात्रभर जागून उपाशीपोटी कडक चहावर चहा पिऊ नका, चहानं धडधड वाढते अन् ती भीतीच आहे असं वाटते. घरून तिखट पुऱ्या, दशम्या, भाकरी नेता येते, कोणी अडवत नाही. बाटली रिकामी न्या अन् तपासणीच्या पलीकडं पिण्याच्या पाण्याचा नळ असते तिथं भरा. अन् बीपी-शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन डॉक्टरच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा, आत टाकायच्या मोठ्या बॅगेत नको.

नातू, आर्वी

आमच्या आजोबांचा अडकित्ता. पितळी मुठीचा, त्यांच्या वडिलांचा, खिशात नसला तर आजोबांना अंगात सदरा नसल्यासारखं वाटते. मी तिकिटं, कार्ड, बॅगांचं वजन, हातातली ७ किलो अन् आत टाकायची १५ किलो, सगळं पाहिलं पण आजोबांचा खिसा नाही पाहिला. तपासणीत ट्रेमध्ये सगळं काढून ठेवा म्हटलं तेव्हा त्यांनी तो काढला, अन् जवान म्हणे हे धारदार आहे, नेता येत नाही, इथं टाकून द्यावं लागेल. आजोबा काही बोलले नाहीत. नुसते त्याच्याकडे पाहत राहिले, अन् मला ते पाहवेना.

सोडायला आलेली गाडी निघून गेली होती. मी जवानाला विचारलं काही करता येते का, तो म्हणे वेळ असेल तर परत काउंटरवर जा अन् सामानात टाकून या. आम्ही अडीच तास आधी आलो होतो म्हणून वेळ होता. काउंटरवरच्या मुलीनं एका कापडी पिशवीला चिठ्ठी लावून घेतली, आत फक्त अडकित्ता, माझा टॉवेल अन् वर्तमानपत्र. उतरल्यावर पट्ट्यावर ती एवढीशी पिशवी येईपर्यंत आजोबा एका जागी उभे होते.

म्हणून माझं म्हणणं, आदल्या रात्री म्हाताऱ्या माणसांचे खिसे, कनवटी, बटवे त्यांच्यासोबत बसून पाहा. अडकित्ता, विळी, कात्री मोठ्या बॅगेत. काडेपेटी अन् लायटर घरीच. सुकं खोबरं दोन्हीकडे चालत नाही, त्यात तेल असते, पेट घेऊ शकते. पॉवर बँक उलट हातातल्याच पिशवीत लागते. लोणच्याची बरणी हातात नको. तिथं ऐन वेळी वस्तू काढून घेतली की माणूस पूर्ण प्रवासभर खचलेला राहते, हे मी डोळ्यानं पाहिलं.

सूनबाई, पुसद

बायांसाठी लिहिते कारण हे कोणी सांगत नाही. बांगड्या, जोडवे, मंगळसूत्र यानं मशीन वाजू शकते, वाजलं म्हणजे आपण काही गुन्हा केला असं नसते. बायांची तपासणी पडद्याआड होते, बाईच करते. माझ्या सासूबाईंना वाटलं मंगळसूत्र काढायला लावतील म्हणून त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या, कोणी काढायला लावलं नाही. तुम्हीही आपल्या घरच्यांना आधीच सांगून ठेवा, तेवढी एक रात्र तरी झोपतील.

अकोल्याकडचा

अम्मीला हजला नागपूरहूनच जायचं होतं, नागपूरहून हजची विमानं जातात. आमच्याकडं जाणाऱ्यांना आधी शिबिरात सगळं समजावून सांगतात, कुठं रांग, कुठं पासपोर्ट, कुठं बसायचं. अन् एकाच तालुक्यातल्या बाया एकमेकींसोबत असतात. अम्मी हातात तसबीह (जपमाळ) घेऊन बसली होती, तिच्या शेजारी बार्शीटाकळीची एक बाई, दोघी एकमेकींना धरून होत्या. मला आत जाता येत नव्हतं, मी काचेबाहेरून पाहून राहिलो, मीच जास्त रडत होतो. सांगायचं हे की बाहेर थांबणाऱ्याचंही चित्त थाऱ्यावर नसते. तिचा आतून फोन आला, "बेटा तू घरी जा, मी बसली आहे आरामात," तेव्हा कुठं गाडी काढली.

देसाईगंजची पोरगी (वडसा)

जानेवारीत दिल्लीला मुलाखत होती माझी. धुकं पडलं अन् विमान आधी दोन तास लेट, मग चार, मग सात. एकटीच होती मी, घरचे फोनवर फोन करत होते अन् दर फोनला माझी घाबरण वाढे. मग मी घरी सांगितलं की आता मीच दर तासाला मेसेज करीन, तुम्ही करू नका. त्यानं अर्धा भार उतरला.

दुसरं म्हणजे मी काउंटरवर जाऊन विचारलं. लहानपणापासून आपल्याला मोठ्या जागी गप्प बसायचं शिकवलं आहे, पण नियम आपल्यासाठीच असतात. विमान दोन तासांच्या वर लेट होत असलं की छोट्या पल्ल्याच्या प्रवाशांना खायला-प्यायला द्यायचं असते, अन् सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान नाहीतर पूर्ण पैसे परत, यातलं आपण निवडायचं. मी विचारल्यावर मला जेवणाचं कूपन भेटलं, माझ्या मागं बसलेल्या काकांना कोणी सांगितलंच नव्हतं, त्यांनाही नेलं. मुलाखतवाल्यांना ईमेल केला, त्यांनी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. जेवून बसली, वही काढून उत्तरं पाठ करत राहिली.

उमरेड तालुक्यातला शेतकरी

मी थोडक्यात लिहितो. माझी आजी ८१ वर्षांची, बोधगयेला चालली होती. दारात येताच तिचं अंग लटपटलं, व्हीलचेअर आधी सांगून ठेवली होती (४८ तास आधी कळवा, तिकीट काढतानाच टाकलं तर उत्तम) ती यायला वेळ लागून राहिला. मी तिला म्हटलं, आजी वर नाव वाच. ती प्रौढ वर्गात वाचायला शिकली आहे, एकेक अक्षर लावून वाचते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. वाचून होईपर्यंत तिनं हात जोडले. म्हणे, "आपल्या बाबाच्या घरी कायचं भेव." मग खुर्ची आली तर म्हणे थोडं चालते मी, मग बसते.

मी स्वतः विपश्यनेचं दहा दिवसाचं शिबिर केलेलं आहे, तिथं आधी आनापान शिकवतात, नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा, त्याला बदलायचं नाही. सेविकाताईंची फुंकर वेगळी, हे वेगळं, पण गेटपाशी बसून अर्धा तास असा श्वास पाहिला की बाजूच्या भोंग्यातल्या घोषणांनीही दचकायला होत नाही. घोषणेकडं कान मात्र ठेवा, अन् गेटचा नंबर बदलू शकते म्हणून पाटीवर मधूनमधून पाहा.

चांदूर बाजारची

सगळ्यांचं वाचलं. शुक्रवारी बाबांना घेऊन बेलोऱ्याहून मुंबईला जायचं आहे दवाखान्यात, आमच्यासाठी अमरावतीचं विमानतळ म्हणजे लय सोय झाली, १६ एप्रिल २०२५ ला चालू झालं तेव्हा बाबा टीव्हीवर पाहत होते. त्यांना पेसमेकर आहे. तपासणीच्या मशीननं त्याला काही होईल का या विचारानं ते दोन दिवसांपासून नीट जेवले नाहीत. कोणी सांगेल का?

आरोग्य सेविका, धानोरा

ताई, पेसमेकरचं कार्ड सोबत ठेवा अन् रांगेत उभं राहिल्या-राहिल्या जवानाला आधी सांगा. हातानं तपासा म्हणायचं, ते करतात. दारासारख्या मशीनमधून नुसतं चालत गेलं तर सहसा काही होत नाही, फक्त तिथं टेकून थांबायचं नाही, अन् हातातली मशीन छातीवर धरून ठेवू द्यायची नाही. एकदा त्यांच्या डॉक्टरलाही फोनवर विचारून घ्या, बाबांसमोरच विचारा, त्यांच्या कानानं ऐकलं की जेवतील.

मिहानमध्ये काम करणारा, हिंगण्याजवळून

मी इथं नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानाच्या दुरुस्तीच्या कामात आहे. बेलोऱ्याहून जाते ते ७२ सीटचं पंख्याचं विमान असते, मोठ्या जेटपेक्षा आवाज जास्त अन् थोडं हादरते, ते बाबांना आधीच सांगा म्हणजे आवाज वाढला की काही बिघडलं असं वाटणार नाही. पंखे खिडकीतून दिसतात. आम्ही एकेक भाग वहीत सही करून तपासतो, सही करणाऱ्याचं नाव राहते, हे पण सांगा त्यांना.

दारव्हा

बेलोरं लहान आहे, दारापासून गेट लांब नाही, चालायला कमी. सामान टाकून झालं की त्यांना एकटं बसवून पळापळ करू नका, बाजूला बसा.

चांदूर बाजारची

डॉक्टरला फोन केला, बाबांसमोर. आज दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. दारव्ह्याच्या काकूचं त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. कार्ड सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आहे, पडू नये म्हणून वरून सेफ्टीपिन लावली.

आरोग्य सेविका, धानोरा

सेफ्टीपिन रांगेत लागायच्या आधी काढून ठेव गं, ती वाजू शकते. कार्ड बाबांच्या हातातच राहू दे.