लुटुपुटूची लढाई 'अंगावर येते' तेव्हा

वहीतली पानं
एका दिवाळी अंकासाठी युद्धावरच्या गेम्स आणि सिनेमांवर लिहिते आहे. मी लिहिलं होतं, "धिस वॉर ऑफ माइन हा गेम अंगावर येतो." संपादकांनी त्याचं "अंगावर काटा आणणारा गेम" करून पाठवलं. खटकलं, पण का ते नीट सांगता येईना. दोन्हींत फरक आहे ना? आणि 'हुबेहूब', 'वास्तववादी', 'वास्तवदर्शी' यांतलं गेमला काय लावावं?

बोरू
फरक आहे, आणि चांगलाच आहे. काटा म्हणजे रोमांच. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांत तो येतो. हर्षानेही येतो, भयानेही येतो. पोवाड्याला डफ कडाडला की येतो तो काटा. तो हवाहवासा असतो, त्यासाठी आपण तिकीट काढून जातो.

'अंगावर येणं' मात्र कुणी मागत नाही. बैल अंगावर येतो. भडक रंगाची भिंत अंगावर येते. घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्याला घर अंगावर येतं. ज्याने आपल्या जागी राहायचं ते सरकून आपल्या हद्दीत शिरतं. संपादकांनी गेम न खेळता दुरुस्ती केलेली दिसते.

रात्रपाळी
मी खेळलोय. संपादक चुकलेच. वॉर्सातल्या ११ बिट स्टुडिओजचा गेम, २०१४ चा. शहर काल्पनिक, पण त्यामागे बोस्नियातल्या साराजेव्होचा वेढा आहे, १९९२ ते १९९६ चा. तुम्ही सैनिक नसताच. पडक्या घरात अडकलेली तीन-चार साधी माणसं. दिवसा बाहेर स्नायपर, म्हणून रात्री एकाने जाऊन खाणं, औषधं, जळण मिळेल ते आणायचं.

एका घरात म्हातारा-म्हातारी राहतात. म्हातारा अडवत नाही, नुसता विनवण्या करत मागे मागे फिरतो. मी सगळं उचललं. त्यानंतर माझा माणूस खचत गेला, आणि एका सकाळी जमिनीवर बसला तो बसलाच. ऊठ म्हटलं तरी उठेना. मी लॅपटॉप मिटून टाकला. काटाबिटा काही आला नव्हता.

आणि चित्रं कशी? पेन्सिलने खरडल्यासारखी करडी, घर मधोमध कापल्यासारखं, माणसं बोटाएवढी. हुबेहूब तर मुळीच नाही.

बोरू
'हुबेहूब'ची तीच तर गंमत आहे. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'ची (१९९८) सुरुवात घ्या. ६ जून १९४४, ओमाहा बीच, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्य फ्रान्सच्या ज्या किनाऱ्यावर उतरलं तो. सगळे म्हणतात हुबेहूब. पण तो प्रसंग केलाय कसा? कॅमेऱ्याच्या शटरचा कोन अरुंद ठेवला, म्हणजे एकेक चौकट अगदी थोडा वेळ टिपली, त्यामुळे उडालेल्या मातीचा कण न् कण सुटा दिसतो आणि हालचाल तुटक होते. रंग धुऊन फिके केले. आपला डोळा जग असं पाहत नाही. त्याचं साम्य आहे ते जुन्या न्यूजरीलशी, म्हणजे थिएटरात दाखवायच्या त्या बातमीपटांशी. लढाई पाहिलीये कुणी आपल्यात? आपण फिल्म फिल्मशी ताडून पाहतो आणि "अगदी हुबेहूब" म्हणतो. मी 'वास्तवाभास' म्हणेन. 'वास्तववादी' नको, त्यातला वाद साहित्याच्या वर्गात राहू दे.

रात्रपाळी
थांबा, त्या किनाऱ्यावर स्वतः लढलेल्या म्हाताऱ्यांनीही तो प्रसंग खरा वाटला असं सांगितलंय. ते काही न्यूजरीलशी ताडत नव्हते.

बोरू
मान्य. त्यांच्या तोंडी 'हुबेहूब' शोभतो. माझ्या नाही.

सातारी कंदी
'भिडणे' कुणीच काढला नाही? सैन्याला सैन्य भिडतं आणि गोष्ट मनाला भिडते. एकच क्रियापद दोन्हीकडे राबतं.

दुसरं, आमच्या गावात घरटी एक तरी फौजेत. लढाईत गेलेल्याला तिथे 'मेला' म्हणत नाहीत, 'कामी आला' म्हणतात. 'शहीद' फलकावर, 'हुतात्मा' भाषणात, घरात 'कामी आला'.

आणि हुबेहूब नसून भिडण्याचा आपल्याकडचा दाखला म्हणजे १७६१ चा. पानिपतानंतरचा तो सावकारी निरोप: दोन मोती गळाले, २७ मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. रक्ताचा थेंब नाही, नुसता हिशोब. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे शाळेत शिकवतात. 'खुर्दा'पाशी, म्हणजे चिल्लरीपाशी, मी दर वेळी अडखळतो. ती आमच्यासारख्या गावांतली पोरं.

रात्रपाळी
खुर्द्यावरून आठवलं. 'बॅटलफील्ड १' (२०१६) पहिल्या महायुद्धावर आहे. अगदी सुरुवातीला तुम्ही मरता तेव्हा पडद्यावर त्या सैनिकाचं नाव आणि जन्ममृत्यूची सालं उमटतात. मग दुसरा सैनिक, तोही मरतो, त्याचंही नाव. तेवढा भाग खरंच अंगावर येतो. पुढे गेम नेहमीच्या वळणावर जातो, आणि ऑनलाइन तर काय, "उडवला, उडवला!" एवढंच ऐकू येतं.

वहीतली पानं
सगळ्यांचे आभार. भाच्याला हे वाचून दाखवलं. 'कामी आला'चा अर्थ सांगितला तर म्हणाला, "कुणाच्या कामी?" मला पटकन उत्तर सुचलं नाही.

लेखात 'अंगावर येतो' परत घातलंय, संपादकांना बैलाचा दाखला देणार आहे. 'हुबेहूब' एकदाच ठेवलाय, ओमाहाच्या वाक्यात, तोही अवतरणचिन्हांत. शीर्षकात 'लुटुपुटूची लढाई' आहे. त्यावर संपादकांचं म्हणणं, मुलांना 'लुटुपुटू' कळणार नाही. कळतो का हो हल्ली?