डेगूच्या पिल्लाचे दात पांढरेच आहेत?
पिल्लाचे दात पांढरे दिसले म्हणून तुम्ही घाबरलात, पण पाच आठवड्यांच्या डेगूत (उंदरासारखा, कुरतडणारा छोटा पाळीव प्राणी) ते साहजिक आहे. केशरी रंग वयाबरोबर चढतो. मोठ्या डेगूचे दात फिके पडले तर मात्र काळजी. खरी भानगड दाढांची. पुढच्या दातांसारख्या त्याही जन्मभर वाढतात आणि बाहेरून दिसत नाहीत. म्हणून मी दर रविवारी प्रत्येक डेगूला किचनच्या वजनकाट्यावर वाडग्यात बसवून वजन घेतो. आमची एक मादी गवताची काडी उचलायची, दोनदा चावून टाकून द्यायची. हनुवटी सतत ओलसर. दाढेला टोक आलं होतं! वाढत्या पिल्लाचं वजन नुसतं थांबलं तरी डॉक्टर गाठा. सुकं गवत चोवीस तास समोर हवं. आणि तुम्ही देता ते मनुके बंद करा हो, मधुमेह सहज जडतो यांना.