मराठी सिनेमाचे हक्क: पहिला मान चॅनेलचा की ओटीटीचा?

तिकीटबारी: थेटरात पडलेल्या मराठी सिनेमाला पूर्वी सॅटेलाइट हक्क, म्हणजे टीव्हीवर दाखवायचे हक्क, तारायचे. आता चॅनेलवाले पहिलं विचारतात, ओटीटीवर आधी येणार का? हो म्हटलं की भाव पडला. मोबाइलवर बघून झालेल्या सिनेमाच्या 'वर्ल्ड टेलिव्हिजन प्रीमियर'ला टीआरपी येणार कुठून! ओटीटीवाले तर थेटरातला गल्ला बघूनच बोलणी करतात. माझ्या मते पहिला मान चॅनेललाच द्यावा. रविवारी जेवणं आटोपून अख्खं घर टीव्हीसमोर बसतं. ओटीटीवर तोच सिनेमा हिंदी-तेलुगूच्या गर्दीतून हुडकावा लागतो.

रीळवाला: साफ असहमत. चॅनेलला हवा असतो घरच्यांसोबत बघण्याचा सिनेमा. 'ए' प्रमाणपत्र असेल तर टीव्हीवर लावताच येत नाही, कापाकापी करून पुन्हा सेन्सॉरकडे जा. 'द डिसायपल' या मराठी सिनेमाला २०२० मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालं, २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. शास्त्रीय गायकाची ती संथ गोष्ट कुठल्या चॅनेलने रविवारी दुपारी लावली असती? आलाप जरा रंगात आला की साबणाची जाहिरात!

तिकीटबारी: असे सिनेमे वर्षाला किती निघतात? बाकीच्यांनी काय करायचं?

कोपऱ्यातला: तुम्ही ज्यांची झुंज लावताय ते एकाच घरचे आहेत हो. झी मराठी, झी टॉकीज आणि झी५ चा मालक एकच. स्टार आणि वायकॉम१८ नोव्हेंबर २०२४ मध्ये एक झाले, म्हणजे स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एका छताखाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये हॉटस्टार आणि जिओसिनेमाचंही एकच ॲप झालं. निर्मात्याला घासाघीस करायला जिथे दोन दारं होती तिथे एक उरलं. झी-सोनीचं लग्न जानेवारी २०२४ मध्ये मोडलं म्हणून निदान ती दोन वेगळी राहिली.

रीळवाला: मग माझंच म्हणणं खरं ठरतं. प्राइम, नेटफ्लिक्सची मराठी चॅनेलं नाहीत. डिजिटल हक्क त्यांना द्या, टीव्हीचे सुटे विका.

तिकीटबारी: सुटे घ्यायला गिऱ्हाईक तर हवं! चॅनेलवाल्याचं स्वतःचं ॲप असताना तो नुसत्या टीव्हीचे चांगले पैसे कशाला मोजेल?

कोपऱ्यातला: कुणालाही विका, पण मुदत लिहून घ्या. जुन्या कित्येक निर्मात्यांनी कायमचे हक्क देऊन टाकले. सिनेमा अजून लागतो, त्यांना दमडी मिळत नाही.

तिकीटबारी: हिट देणाऱ्याला ठीक आहे. डोक्यावर व्याज चढलेला माणूस मुदतीवर अडून बसेल होय? पुढे येईल त्या कागदावर सही करतो तो.