मदत हवी आहे: रोज पळणाऱ्या जुन्या मियाटाला परवडणारे शॉकअप कोणते घालू?

खटखट_नोव्हाय

नमस्कार मंडळी. इथे गाड्यांतले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतोय. इंग्रजी चर्चा वाचून वाचून डोक्याचा भुगा झालाय.

गाडी २००१ ची माझ्दा मियाटा, पाच गिअरची, १,१८,००० मैल झालेली. राहतो नोव्हायला, म्हणजे डेट्रॉइटच्या पश्चिमेला, आणि कामाला जातो डिअरबॉर्नला. बारा महिने हीच गाडी. बर्फ पडला की स्नो टायर चढवतो. घरात दुसरी गाडी आहे, पण ती बायकोची, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही असा अलिखित नियम आहे.

तर त्रास असा. हायवेवर पुलाचा सांधा आला की गाडी उडते आणि उडून थांबत नाही, दोन-तीन हेलकावे खाते. मागच्या डाव्या शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसतंय. मागच्या टायरवरून हात फिरवला तर खवल्यांसारखे उंचवटे लागतात. शिवाय पुढून डावीकडून खटखट येते, स्पीडब्रेकरवर हमखास. शॉकअप बहुधा कारखान्यातून आलेलेच असावेत. यंदाचा मार्च, म्हणजे इकडचा खड्ड्यांचा हंगाम, झाल्यावर तर बायको म्हणाली, "पाठीत सणक भरते, मी यापुढे यात बसणार नाही."

बजेट ९०० डॉलर, त्यात अलाइनमेंटही (चाकांचे कोन लावून घेणं) धरलंय. फार ताणलं तर हजार. काम स्वतः करणार आहे. जॅक, स्टँड, पाने आहेत, टॉर्कचा पाना मित्राकडून आणीन.

मी बघितलेले पर्याय (भाव मला दिसले ते, साधारण): केवायबी एक्सेल-जी चारही मिळून ३०० च्या आसपास. बिल्स्टाइनचे बी६ सहाशेच्या घरात. पिवळे कोनी आठशेच्या वर. आणि चौथा पर्याय म्हणजे ऑनलाइन मिळणारे स्वस्त कॉइलओव्हर, सहाशेत स्प्रिंगांसकट सगळं, वर गाडी खाली-वर करता येते. खरं सांगू का, चाक आणि फेंडर यांच्यामधली ती दरी मला बघवत नाही. त्यामुळे मन चौथ्याकडे ओढतंय. ट्रॅकवर नेणार नाही. काय करू?

पाना_१४

आधी एक गोष्ट. हेलकावे, तेल आणि टायरवरचे खवले हे शॉकअपचं दुखणं. खटखट मात्र बहुतेक वेळा शॉकअपची नसते. पुढच्या अँटीरोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक, म्हणजे त्याला जोडणारे छोटे दांडे, बघा. वीस-वीस डॉलरला मिळतात आणि मिठाच्या रस्त्यांवर त्यांचे सांधे लवकर ढिले होतात. दोन्ही बाजूंच्या लिंक काढून ठेवा, गल्लीतून हळू एक चक्कर मारा (वळणावर गाडी जास्त कलेल, जोरात जाऊ नका). आवाज गेला तर चोर सापडला. नाही गेला तर बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोळ्याचा सांधा) आणि शॉकअपचे वरचे रबरी माउंट तपासा.

नवे शॉकअप घालूनही खटखट तशीच राहिली आणि नवऱ्याने बायकोला पावती दाखवायचं टाळलं, असे दोन मित्र माझ्या ओळखीचे आहेत.

फुकट_सल्ला

कॉइलओव्हर घ्या राव! आयुष्य एकदाच मिळतं. मी माझ्या गाडीला घातलेत, सव्वा इंच खाली आणली, सिग्नलला लोक काच खाली करून विचारतात.

गंजलेला_बोल्ट

@फुकट_सल्ला, लोक काच खाली करतात ते कौतुकाने की तुमची गाडी आपटल्याचा आवाज ऐकून?

विनोद सोडा. धागाकर्ते, कॉइलओव्हर म्हणजे वाईट असं कुणी म्हणत नाही. चांगले असतात, पण ते तुमच्या बजेटच्या दुप्पट-तिप्पट असतात. सहाशेवाल्यांत काय होतं ते सांगतो. तुमच्या मूळ पुढच्या स्प्रिंगा मिलिमीटरला तीन किलोच्या आसपास आहेत. या सेटमध्ये आठ, कधी दहा किलोच्या येतात. आता एवढ्या कडक स्प्रिंगेला आवरायला शॉकअपही तसाच तयार हवा, विशेषतः स्प्रिंग उलटी उसळी मारते तेव्हा. त्या किमतीत तो तसा मिळत नाही. मग गाडी कडकही लागते आणि उडतेही. तुमची आत्ताची तक्रार दुप्पट कडक होऊन परत येईल.

दुसरं, मियाटात चाकाला वर जायला जागाच थोडी असते. माझ्दाने बंप स्टॉप हा शेवटचा धक्का खाणारा तुकडा म्हणून ठेवलेला नाही, तो कामातला भाग आहे. मोठ्या खड्ड्यात गाडी त्यावर टेकणार हे त्यांनी गृहीतच धरलंय. गाडी दीड इंच खाली आणली की ती थोडी जागाही खाल्लीत. मिशिगनच्या खड्ड्यांत रोज २५ मैल जाणाऱ्या माणसाला हालचालीची जागा हवी, उंची कमी नको.

पण हे सगळं बाजूला ठेवा. तुमचा निर्णय आणखी एका गोष्टीवर अडणार आहे. खालच्या आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) कॅम बोल्ट, म्हणजे जे फिरवून चाकाचा कोन लावतात ते, फिरतात का? विकत काही घ्यायच्या आधी ते बघा आणि इथे लिहा. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजून ठेवा, गाडी सपाट जमिनीवर असताना. पुढे लागेल.

कात्रजकर

इकडे पुण्यात आमचा गॅरेजवाला शॉकअप खोलून तेल आणि सील बदलून देतो. तिकडे ते होत नाही का? तीनशे डॉलर म्हणजे आमच्या हिशेबाने केवढे होतात बघा.

पाना_१४

@कात्रजकर, मूळचे शॉकअप सीलबंद असतात, ते खोलायला कापावे लागतात. गरीब गाडीला तात्पुरतं चालतं, पण इथे गाडी कशी सावरते हेच तर सुधारायचंय. बिल्स्टाइन किंवा कोनीचे मात्र रीतसर रिबिल्ड होतात, व्हॉल्व्हसुद्धा बदलून मिळतात. म्हणून जास्त पैसे घालून घेतलेला शॉकअप पुढची दहा वर्षं उपयोगी पडतो.

खटखट_नोव्हाय

सगळ्यांचे आभार. शनिवारी गाडी वर घेतली.

पाना_१४, तुम्हाला साष्टांग नमस्कार. लिंक काढल्यावर खटखट बंद! डाव्या लिंकचा सांधा हाताने हलतो. नव्या दोन्ही मागवल्या.

कॅम बोल्टांची बातमी वाईट आहे. आठांपैकी तीन फिरतात. बाकीचे बुशच्या (सांध्यातल्या रबराच्या) आतल्या नळीत गंजून बसलेत. मागच्या मालकाने गाडी दर हिवाळ्यात मिठातच चालवली असणार. उंची मोजली: पुढे डावीकडे साडेतेरा इंच, उजवीकडे त्याहून पाव इंच जास्त. मागे दोन्हीकडे चौदाच्या किंचित खाली. आता हे बोल्ट कापायचे का? गॅरेजमध्ये विचारलं तर आर्म आणि बुशसकट जो आकडा सांगितला त्यात दुसरी मियाटा येईल.

गंजलेला_बोल्ट

हेच वाटलं होतं. म्हणून थांबवलं.

नीट ऐका. मियाटाला चारही चाकांना डबल विशबोन आहे. म्हणजे चाक कुठे उभं राहणार हे दोन आर्म ठरवतात, शॉकअप नाही. काही गाड्यांत शॉकअपच चाकाला धरून असतो, तिथे तो सुटला की अलाइनमेंट बिघडते. तुमच्याकडे तसं नाही. म्हणजे मूळ उंचीवर नुसते शॉकअप बदलले, कॅम बोल्टांना हात लावला नाही, तर अलाइनमेंट जवळपास आहे तशीच राहील. पुढचा टो (चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) तर टाय रॉडनेच, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याने, लावतात, त्याला कॅम लागत नाही.

आता गाडी खाली आणलीत तर? आर्मचा कोन बदलला, कॅम्बर (चाकाचा वरून आत कल) वाढला, टो बदलला. पुढे टो दुरुस्त होईल. मागचा टो मात्र कॅम बोल्टनेच लागतो आणि तो तुमचा गंजलाय. मग मागचे टायर आतल्या बाजूने खाऊन जातील, आणि ओल्या रस्त्यावर मागची बाजू सटकेल ती वेगळीच. म्हणजे फेंडरमधली दरी भरायची किंमत सहाशे नाही. सहाशे अधिक बुश, बोल्ट, आर्म, आणि दर वर्षी टायर.

फुकट_सल्ला

ही कॅमची भानगड मला माहीत नव्हती. माझ्याही मागच्या टायरची आतली कड गुळगुळीत झालीय, मी कंपनीला शिव्या देत होतो. उद्या बघतो.

खटखट_नोव्हाय

ठीक, दरीशी मैत्री करतो. म्हणजे आता केवायबी की बिल्स्टाइन? कोनीबद्दल कुणी काहीच बोलत नाही.

मंडळाचा_खजिनदार

कोनी उत्तम, मी वापरलेत. फक्त रिबाउंड (स्प्रिंगच्या उलट्या उसळीला आवरणं) जुळवता येतो, पण तो खरोखर कमी-जास्त होतो. पण आठशे गेल्यावर तुमच्याकडे बंप स्टॉप, वरचे माउंट आणि बोल्ट यांना काय उरतं? जुन्या माउंटवर महागडा शॉकअप म्हणजे फाटक्या बनियनवर सिल्कचा कुर्ता.

केवायबी मूळच्यासारखे, थोडे कडक. त्यात कमीपणा काही नाही. गाडी अजून दोन वर्षंच ठेवणार असाल तर तेच घ्या आणि उरलेल्या पैशांत बुश बघा.

ठेवणार असाल तर बिल्स्टाइन. माझ्दा स्वतः काही मॉडेलांवर बिल्स्टाइन देत होती, २००४-०५ च्या माझ्दास्पीड मियाटावरही तेच होते. एकनळी शॉकअप, आत जास्त दाबाचा गॅस. लांब रस्त्यावरचे हेलकावे पूर्ण बंद होतील. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो: बारीक, टोकदार खडबड हळू वेगात मूळच्यापेक्षा जास्त जाणवेल. घरच्या मंडळींना पहिल्याच दिवशी खराब काँक्रीटवर नेऊ नका. आणि गॅसच्या दाबामुळे गाडी अगदी थोडी उचलली जाईल. तुमची ती दरी थोडी वाढणार, मन घट्ट करा.

खटखट_नोव्हाय

तीन आठवड्यांनी हजेरी लावतोय. बी६ घेतले. बरोबर चार नवे माउंट, बंप स्टॉप, धुळीची आवरणं आणि लिंक. एकूण ८६० डॉलर. अलाइनमेंटचे पैसे वाचले म्हणून बायकोला आइस्क्रीम.

जुने बंप स्टॉप काढायला गेलो तर मागच्या दोघांचा हातात चुरा झाला, पिवळ्या बुंदीसारखा. म्हणजे इतके दिवस मी थेट लोखंडावर आपटत होतो.

स्प्रिंग दाबायचं अवजार पार्टच्या दुकानातून डिपॉझिट ठेवून फुकट मिळालं. मूळ स्प्रिंग दाबलेली असताना तिच्याकडे बघूनच घाम फुटला. दोन्ही हूक समोरासमोर, थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला, असं आळीपाळीने आवळलं.

मागची बाजू झालीय. डाव्या शॉकअपचा खालचा बोल्ट दोन दिवस भेदक तेल पाजून, शेवटी लांब पाइप लावून सुटला. पुढे वरच्या आर्मचा लांब बोल्ट काढावा लागला, तो मात्र सुदैवाने निघाला. आता सगळं जोडलंय पण बोल्ट अजून हातानेच घट्ट आहेत. गाडी स्टँडवर आहे. आवळून टाकू का आत्ताच?

गंजलेला_बोल्ट

थांबा! चाकं लोंबकळत असताना आवळू नका. रबरी बुश आतल्या नळीला चिकटलेलं असतं. लोंबकळत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली ठेवल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी उंच उभी राहते आणि बुश लवकर फाटतं.

त्या लांब बोल्टला चाक लावल्यावर हात पोचणार नाही, म्हणून चाकाशिवायच करा. जॅक हबच्या (ज्यावर चाक बसतं त्या भागाच्या) खाली घ्या आणि हळूहळू उचला, हबच्या मध्यापासून फेंडरपर्यंत तुम्ही आधी मोजलेलं अंतर येईपर्यंत. डावीकडे साडेतेरा, उजवीकडे पाव इंच जास्त. मग टॉर्कचा पाना. गाडी स्टँडवरून उचलली जायला लागली तर तिथेच थांबा, ज्या टोकाला काम चालू आहे तिथे दोन पोती मीठ ठेवा (मागे असेल तर डिकीत) आणि परत प्रयत्न करा. मागची बाजू लोंबकळत आवळली असेल तर तिचेही बोल्ट ढिले करून हेच करा.

खटखट_नोव्हाय

मागची लोंबकळतच आवळली होती. परत ढिली करतो. मीठ गॅरेजमध्ये आहेच, ज्याने बोल्ट खाल्ले तेच आता उपयोगी पडणार.

फुकट_सल्ला

माझे मागचे चारही कॅम बोल्ट जाम निघाले. मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप कुणाकडे पडलेत का? मिशिगन किंवा ओहायो, येऊन घेऊन जाईन.