मदत हवी आहे: १९८८ची स्टिरिओ सिस्टिम, कोणता ॲम्प घेऊ? (सोलापूर, घाई आहे)

शहाबादी फरशी
नमस्कार. चाळीस हजारांपर्यंत चांगला स्टिरिओ ॲम्प्लिफायर सुचवा. २६ तारखेला अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन घरीच करतोय आणि त्या दिवशी त्यांच्या रेकॉर्डी वाजल्याच पाहिजेत. सिस्टिम १९८८ची आहे, अण्णांनी गिरणीच्या बोनसमधून घेतलेली. आता आवाज पार गेलाय. फरफर आहे, खरखर आहे, भीमसेनांचा आवाज तर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. इथल्या एका दुकानात दिली होती. त्यांनी आठ दिवस ठेवून घेतली, चारशे रुपये घेतले आणि 'पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या' म्हणून परत दिली. पुण्याला जायला वेळ नाही. फक्त मॉडेल सांगा, आज रात्रीच ऑर्डर टाकतो.

हुतात्मा एक्स्प्रेस
यामाहा ए-एस ३०१ किंवा डेनॉन पीएमए-६००एनई. दोन्हींत रेकॉर्ड प्लेयरसाठी फोनो इनपुट आहे. माझ्याकडे यामाहा आहे, डोळे झाकून घ्या. भाव रोज बदलतो, बजेटात बसतोय का ते बघून घ्या.

डग्गा
थांबा, आज रात्री काही मागवू नका. फरफर एका बाजूला आहे की दोन्हीकडे? खरखर सतत येते की व्हॉल्यूमचं बटण फिरवताना? रेकॉर्ड, कॅसेट, रेडिओ, सगळ्यांवर येते का? आणि स्पीकर कोणते?

नवी पेठ
इतका व्याप कशाला करता? चांगला साउंडबार आणा, ब्लूटूथ लावा, सगळी गाणी मोबाइलवर आहेत. आमच्या घरी दोन वर्षं तेच चाललंय. आईसुद्धा स्वतः लावते.

शहाबादी फरशी
@नवी पेठ, अण्णांना गाणी ऐकायची नाहीत, *त्यांच्या* रेकॉर्डी ऐकायच्या आहेत. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या एलपीच्या कव्हरवर त्यांनी स्वतःच्या हाताने तारीख घातलीय.
@डग्गा, फरफर उजवीकडे जास्त. खरखर बटण फिरवताना. रेडिओ लावून बघितला नाही. स्पीकर सिस्टिमसोबतचेच, मोठे, लाकडी. मागे ८ ओहम लिहिलंय. आता मॉडेल सांगा.

सात रस्ता
जुन्या ॲम्पवर 'पाचशे वॅट पीएमपीओ' (क्षणभराची कमाल ताकद, जाहिरातीचा आकडा) असं काहीतरी छापलेलं असेल, त्याकडे लक्ष देऊ नका. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा. घरातल्या खोलीत चॅनेलला तीस वॅट आरएमएस भरपूर होतात.

डग्गा
दोन मिनिटांचं काम सांगतो. आधी ॲम्प बंद करा. मागून स्पीकरच्या वायरी काढा आणि उजव्याची डावीकडे, डाव्याची उजवीकडे लावा. उघड्या तारा एकमेकींना चिकटू देऊ नका. आता तीच रेकॉर्ड लावा. फरफर दुसऱ्या डब्यात गेली तर दोष ॲम्पमध्ये किंवा त्याच्या आधी. त्याच डब्यात राहिली तर स्पीकर गेलाय, आणि मग चाळीस हजारांचा ॲम्पही तीच फरफर वाजवेल.

हुतात्मा एक्स्प्रेस
३५ वर्षांच्या ॲम्पमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकलेलेच असणार. त्यात आपल्याकडचं व्होल्टेज आणि उन्हाळा. तो दुरुस्त करत बसणं म्हणजे पैसे पाण्यात.

डग्गा
सुकले असतीलही. पण तपासल्याशिवाय 'असणार' म्हणायचं आणि माणसाला चाळीस हजारांचा खर्च सांगायचा, हे मला पटत नाही. कपॅसिटर गेले की बहुतेक वेळा गुंईं असा हम येतो. शहाबादी फरशींनी हमबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

रेकॉर्डप्रेमी_बार्शी
काका, रेकॉर्डी किती आहेत? विकायच्या असतील तर कळवा, हव्या त्या किमतीला घेतो. मन्सूरांची तर नक्की.

शहाबादी फरशी
विकायच्या नाहीत.

वायरी बदलल्या. फरफर त्याच डब्यात राहिली. उजवा.

मग समोरची कापडी जाळी काढली. मोठ्या स्पीकरच्या काळ्या कोनाभोवती स्पंजसारखी एक गोल पट्टी असते, ती उजवीकडे निम्म्याहून जास्त गळून पडलीय. उरलेलीला बोट लावलं तर काळा, चिकट गोळा बोटाला आला, साबणाने धुऊनही जात नाही. डावीकडची वरून अख्खी दिसते, पण नखाने दाबली की खड्डा तसाच राहतो. हे उंदरानं केलंय का?

डग्गा
उंदीर नाही. ती फोमची रिंग, तिला सराउंड म्हणतात. त्या काळातल्या बऱ्याच वूफरना (खर्जाच्या मोठ्या स्पीकरना) पॉलियुरेथेन फोमची रिंग असायची आणि उष्णता, दमट हवा, ऊन यांनी पंधरा-पंचवीस वर्षांत तो फोम आपोआप कुजतो. सिस्टिम वापरली नाही तरी कुजतो. रिंग गेली की कोन सरळ पुढेमागे न हलता तिरका जातो, आतली कॉइल चुंबकाला घासते. डग्ग्यावर, तानपुऱ्याच्या खर्जावर जी फरफर येते ती हीच.

चांगली बातमी अशी की कोन आणि कॉइल शाबूत असेल तर फक्त रिंग बदलता येते. दोन्ही बदला, एकच बदलू नका, नाहीतर डावा-उजवा वेगळे वाजतील. आज मोजपट्टी घेऊन तीन मापं घ्या: लोखंडी चौकटीचा बाहेरचा व्यास, कोनाचा व्यास, आणि मधल्या फुगवट्याची रुंदी. माप एवढंसं चुकलं तरी रिंग बसत नाही. आणि तोवर तो डबा वाजवू नका, कॉइल जळेल.

जुळे सोलापूरकर
रिंग ऑनलाइन मागवण्यापेक्षा आपल्याकडे बँड-डीजेचे स्पीकर दुरुस्त करणारे लई आहेत, एका दिवसात करून देतील. गणपतीत आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत त्यांच्याकडे ढिगानं काम असतं, आता मोकळे असतील.

हुतात्मा एक्स्प्रेस
डीजेवाल्यांकडे घरचा स्पीकर? ते कान फाडायचं काम करतात, ऐकायचं नाही.

जुळे सोलापूरकर
मिरवणुकीचा राग कारागिरावर काढू नका. माझे मेहुणे हेच काम करतात आणि त्यांच्या हाताला जेवढी कॉइल कळते तेवढी मोठ्या शोरूममधल्या कुणाला कळत नाही.

डग्गा
कारागिराकडे जायला माझी हरकत नाही, पण एक गोष्ट ठणकावून सांगा: 'फक्त रिंग बदलायची, कोन बदलायचा नाही.' बरेच जण अख्खं रिकोनिंग करतात, म्हणजे जुना कोन-कॉइल काढून हाताशी असेल तो नवीन कोन-कॉइल चिकटवतात. वाजतो, पण मग तो अण्णांचा स्पीकर राहत नाही. आणि रिंग चिकटवताना कॉइल मधोमध राहिली पाहिजे. त्यासाठी मधली टोपी काढून कॉइलभोवती पातळ पट्ट्या घालतात, किंवा अगदी हळू आवाजात खर्जाचा एक सूर चालू ठेवून घासण्याचा आवाज ऐकत बसवतात. गोंद पूर्ण वाळायला एक दिवस द्या.

सात रस्ता
खरखरीसाठी बटणाच्या फटीत शिवणयंत्राचं तेल सोडा, जाते. मी केलंय.

अभियंता_होटगी रोड
कृपया तेल सोडू नका!! व्हॉल्यूमच्या आत कार्बनची पट्टी असते. तेलानं चार दिवस बरं वाटतं, मग धूळ चिकटून दुप्पट खरखरतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. प्लग काढून ठेवा, तासभर थांबा (मोठ्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही चार्ज राहतो, आत बोट घालू नका), फटीतून थोडा मारा, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा, वाळू द्या.

नवी पेठ
आमच्या कारच्या स्टिरिओलाही अशीच खरखर आहे, त्याला हा स्प्रे चालेल का?

शहाबादी फरशी
स्प्रे मारला, खरखर गेली! अभियंता साहेब, मनापासून आभार. रिंगा मागवल्या आहेत, जुळे सोलापूरकरांच्या मेहुण्यांशी बोलणं झालं, ते बसवून देणार आहेत.

पण डावा स्पीकर धड असूनही रेकॉर्डचा आवाज बारीकच येतो. व्हॉल्यूमचा काटा पार टोकाला नेला तरी. रेडिओ लावला तर मात्र ठणठणीत, जोरात. म्हणजे ॲम्प गेलाच ना?

डग्गा
रेडिओ ठणठणीत असेल तर ॲम्प ठीक आहे. रेकॉर्ड प्लेयर सिस्टिमसोबतचाच आहे ना?

शहाबादी फरशी
नाही, तो २००५च्या सुमाराला मोडला. हा भावानं दोन वर्षांपूर्वी आणला. ऑडिओ-टेक्निका एलपी६०एक्स.

डग्गा
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. त्याची वायर ॲम्पच्या मागे कुठे लावलीय? आणि त्याच्या मागच्या बाजूला एक छोटा सरकता स्विच असेल, फोनो/लाइन लिहिलेला. तो कुठे आहे?

शहाबादी फरशी
वायर 'ऑक्स' लिहिलेल्या साध्या इनपुटमध्ये. स्विच फोनोवर. रेकॉर्डीच वाजवायच्या म्हणून फोनोवरच ठेवला होता.

अभियंता_होटगी रोड
सापडलं. पिनेतून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि टिपेचे सूर वाढवून कापतात, नाहीतर खर्जाच्या घळी इतक्या रुंद होतील की एका बाजूवर गाणं मावणार नाही. हे प्रमाण १९५४पासून ठरलेलं आहे, त्याला आरआयएए म्हणतात. वाजवताना कुणीतरी ते उलटं करावं लागतं. स्विच फोनोवर असला की प्लेयर कच्चा सिग्नल पाठवतो आणि ॲम्पच्या फोनो इनपुटनं ते करावं अशी अपेक्षा असते. तुमची वायर ऑक्समध्ये, म्हणून कुणीच करत नाही. पत्र्याचा डबा त्यामुळेच. व्हॉल्यूम खाली आणा, स्विच लाइनवर सरकवा, म्हणजे ते काम प्लेयरच करेल, मग लावा.

शहाबादी फरशी
सरकवला.

एकाच डाव्या स्पीकरवर, रात्री साडेअकराला. सगळं घर उठून बाहेर आलं.

हुतात्मा एक्स्प्रेस
छान झालं. यामाहाचा सल्ला मी मागे घेतो. उरलेल्या पैशांतून नवीन पिन घ्या मात्र. दोन वर्षं रोज वाजत असेल तर ती झिजली असेल, आणि झिजलेली पिन रेकॉर्डच खाते.

गिरणगाव_मंगळवार पेठ
स्पीकर कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवलेत का? दीड हात पुढे घ्या. आणि खाली शहाबादी असेल (नावावरून वाटतंय) तर आवाज घुमतो. पुढे जाड सतरंजी अंथरा, समोरच्या भिंतीवर आपली सोलापुरी चादर टांगा. फार फरक पडतो, आणि आपल्या गावात ती कमी नाही. रेकॉर्डी उभ्या ठेवा, गच्चीवरच्या खोलीत तर अजिबात नको. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात वाकलेली रेकॉर्ड सहसा पुन्हा सरळ होत नाही.

शहाबादी फरशी
रिंगा काल बसल्या. मेहुण्यांनी जुना कोन जराही हलवला नाही. कोनाच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं कुणीतरी आकडा लिहिलाय, तोही त्यांनी मला बोलावून दाखवला. आज सकाळी अण्णांना सांगितलं नाही, नुसती रेकॉर्ड लावली. ते देवपूजा सोडून आले आणि उजव्या स्पीकरसमोर हात धरून उभे राहिले. डग्ग्याची थाप हाताला लागते म्हणाले. कोपऱ्यातून पुढे घेतलेत, चादर संध्याकाळी टांगतो.

एक राहिलं. कॅसेट डेक चालू होतो पण टेप फिरत नाही, मोटरचा आवाज येतो. आईच्या आवाजातल्या ओव्यांची एक कॅसेट आहे. २६च्या आत होईल का?

सात रस्ता
कॅसेट आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे.

डग्गा
डेक फिरल्याशिवाय उतरवणार कशावरून? बहुतेक बेल्ट सैल झालाय किंवा विरघळलाय. ती ओव्यांची कॅसेट सध्या घालू नका, टेप अडकून तुटेल. झाकण उघडा, जुना बेल्ट काढा. विरघळलेला असेल तर पुलींवरचा काळा चिकटा स्पिरिटनं पुसा. मग पुलींवरून दोरा फिरवून लांबी मोजा. जुन्या बेल्टवरून माप घेऊ नका, तो ताणलेला असतो. नवा बेल्ट दोऱ्यापेक्षा थोडा लहान घ्यायचा. लांबी आणि जाडी इथे लिहा. माझ्याकडे डब्यात आठ-दहा पडलेत, त्यातला बसला तर उद्याच पाठवतो.