मदत हवी आहे: दादरला फक्त पार्किंग विकत घेऊन भाड्याने देता येईल का?

प्रश्नकर्ता: चारचाकी

दादर पश्चिमेला एका सहकारी सोसायटीतले एक सभासद त्यांच्या दोन स्टिल्ट (इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेतल्या) पार्किंगपैकी एक 12 लाखांना विकायला काढतायत. इमारत 2008 ची आहे. माझा तिथे फ्लॅट नाही. एजंट म्हणतो, 500 च्या स्टँपपेपरवर नोटरी करू, महिना 5,000 भाडं कुठे जात नाही. मालकाकडे बिल्डरचं वाटपपत्र आणि 'सुविधा शुल्क, रु. 3 लाख' अशी पावती आहे. सोसायटीचा कागद एकही नाही. टोरांटोत मावसभाऊ कॉन्डोचं (मालकीच्या फ्लॅटांच्या इमारतीतलं) पार्किंग असंच घेऊन भाड्याने देतो, मग इथे का नाही? काय काय तपासू?

कोपऱ्यातला खांब

तपासायच्या आधीच थांबा. पावतीवर 'विक्री' हा शब्द का नाही, त्यातच सगळं आलं.

31 ऑगस्ट 2010 ला सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या दहिसरच्या प्रकरणात निकाल दिला. वाद स्टिल्टमधल्या 25 पार्किंगचा होता. स्टिल्ट म्हणजे गॅरेज नव्हे, ती सामाईक जागा आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. जे बिल्डरलाच विकता येत नव्हतं, ते त्याच्याकडून घेणारा तुम्हाला काय विकणार?

त्यात नोटरी. 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेतला हक्क विकायचा तर दस्त नोंदवावाच लागतो. नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढं सांगते, मालकी देत नाही. समजा हट्टाने नोंदणी करायला गेलात, तर मुंबईत 6 टक्के मुद्रांक म्हणजे 72,000 आणि 1 टक्का नोंदणी म्हणजे 12,000. एवढे 84,000 भरूनही सोसायटी तो दस्त मानायला बांधील नाही.

हिशेबनीस

सोसायटीच्या बाजूने सांगतो. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) पार्किंगचं वाटप कमिटी करते, आणि मिळालेली जागा विकायचा किंवा दुसऱ्याच्या नावे करायचा अधिकार सभासदाला नाही. सर्वसाधारणपणे एका सभासदाला एकच जागा. उरलेल्या जागा दुसऱ्या गाडीसाठी वर्षाच्या बोलीवर देतात, आणि मागणारे जास्त झाले की चिठ्ठ्या टाकतात. म्हणजे मालक जे 'माझं दुसरं पार्किंग' म्हणतायत, ते बहुधा पुढच्या वार्षिक सभेपर्यंतचंच असेल.

प्रत्यक्षात काय होतं तेही पाहा. पहिले सहा महिने कोणी विचारत नाही. मग एखाद्या सभासदाच्या घरी नवी गाडी येते, तो कमिटीला पत्र देतो, आणि वॉचमन तुमच्या भाडेकरूची गाडी गेटवरच अडवतो, कारण स्टिकर सभासदाच्या गाडीलाच. तुम्ही सभासदच नाही, त्यामुळे सहकार न्यायालयातही उभं राहायला जागा नाही. उद्या इमारत पुनर्विकासाला गेली, तर नवीन पार्किंग सभासदांच्या करारातून मिळतं, नोटरीच्या कागदावर नाही.

हिशेबही कच्चा आहे. 60,000 वर्षाला म्हणजे 12 लाखांवर 5 टक्के, त्यातून सोसायटीचं पार्किंग शुल्क वजा. आणि बाहेर पडताना गिऱ्हाईक कोण? त्याच इमारतीतले सभासद, त्यांना जागा चिठ्ठीत, नुसतं शुल्क भरून मिळते.

उत्तररात्र (टोरांटो)

मावसभावाचं चालतं, कारण इथे बऱ्याच इमारतींत पार्किंग हे स्वतंत्र युनिट असतं. त्याचा स्वतःचा दस्त, स्वतःची मालमत्ता कराची आकारणी, स्वतःचं मासिक मेंटेनन्स. पण इथेही तीन प्रकार आहेत: मालकीचं युनिट, सामाईक जागेतला फक्त वापराचा हक्क, आणि भाडेपट्टा. वेगळं विकता येतं ते पहिलंच. तेही कॉन्डोच्या डिक्लरेशनमध्ये (इमारतीच्या मूळ नियमपत्रात) 'त्याच इमारतीतल्या मालकालाच विकावं' अशी अट नसेल तर. ती असते बऱ्याचदा, म्हणून आधी स्टेटस सर्टिफिकेट, म्हणजे कॉन्डोकडून मिळणारा त्या युनिटच्या स्थितीचा आणि नियमांचा अधिकृत कागद, मागवायचं. शुल्क जास्तीत जास्त 100 डॉलर, 10 दिवसांत द्यावं लागतं.

60,000 डॉलरच्या पार्किंगवर प्रांताचा हस्तांतरण कर 325 आणि शहराचा तेवढाच, एकूण 650. एकटं पार्किंग विकताना एचएसटी (इथला विक्रीकर) लागतो का, हे वकिलाकडून लेखी घ्या, यात लोक फसतात.

चारचाकी

नोटरीचा बेत रद्द. त्याच इमारतीत मावशी सभासद आहेत, त्यांच्या नावे घेतलं तर? आणि नवीन प्रकल्पातलं पार्किंग तरी गुंतवणूक म्हणून चालेल का?

हिशेबनीस

मावशींच्या नावेही विकत नाही घेता येणार, फार तर त्या स्वतःच्या दुसऱ्या गाडीसाठी अर्ज करतील. तुमच्या भाडेकरूची गाडी त्यांच्या जागेवर उभी करून भाडं घ्यायचं म्हणजे त्यांनाच कमिटीपुढे उभं करणं.

कोपऱ्यातला खांब

नवीन प्रकल्पात फ्लॅटसोबतच विचार करा. त्या 2010 च्या निकालानंतर आलेल्या महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) नियमांत बेसमेंट, स्टिल्ट, पोडियम आणि यांत्रिक पार्किंग 'कव्हर्ड' धरलेलं आहे, बिल्डर त्याचे पैसे घेऊ शकतो. उघड्या जागेचे मात्र नाही. 29 एप्रिल 2024 च्या आदेशाप्रमाणे करारासोबतच्या परिशिष्टात पार्किंगचा प्रकार, क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि जागा कुठे आहे हे लिहिलंच पाहिजे. कोरं परिशिष्ट दिसलं की सही करू नका.

आकडे टेपने मोजा. मुंबईत मोठ्या गाडीची जागा 2.5 बाय 5.5 मीटर, लहानीची 2.3 बाय 4.5. कागदावर 2.5 असतं आणि कडेला खांब आला की दार उघडत नाही. उंची तुळईच्या खालच्या कडेपासून मोजा, स्लॅबपासून नव्हे. फॉर्च्युनर 1.83 मीटर उंच आहे, स्टॅकमध्ये (गाड्या एकावर एक ठेवणाऱ्या यंत्रात) तिला वरचा मजला बहुधा मिळत नाही. आणि दुमजली स्टॅक असेल तर खालची गाडी हलवल्याशिवाय वरची उतरत नाही, म्हणजे दोन अनोळखी भाडेकरूंना तो देता येत नाही. खड्ड्यातला स्टॅक असेल तर पावसाळ्यात पंप कोण चालवतो, तेही विचारून घ्या.

चारचाकी

एजंटला फोन केला. टोकनचे 25,000 अजून दिलेले नव्हते, ते वाचले. तो म्हणाला, 'दुसरं एक आहे, माटुंग्याला, ओपन.'

कोपऱ्यातला खांब

ओपन तर त्याहून वाईट. फोन ठेवा.